खानदेशांतील आदिवासी ग्रंथकार आणि आमचीं दप्तरें

खानदेशच्या भिल्लांविषयीं जो लेखी मजकूर आज उपलब्ध आहे त्याची यादी करूं लागल्यास एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. कॅप्टन ब्रिग्ज याचे १८१८ नंतरचे खलिते, ग्रॅहॅमनें १८४३ सालीं लिहिलेला भिल्ल जमातींचा संक्षिप्त वृत्तान्त, १८८० चें खानदेश गॅझेटियर, सिम्कॉक्सनें १९१२ सालीं छापलेली खानदेश भिल्ल पलटणीची हकीकत. आणि त्यामागें जाऊं लागलों तर पेशवाईंतील अंमलदारांचीं पत्रें. हा सर्व मजकूर भिल्लांना धरणाऱ्यांनीं, दंड करणाऱ्यांनीं, चाकरीस लावणाऱ्यांनीं किंवा फांशी देणाऱ्यांनीं लिहिलेला आहे. ज्याच्याविषयीं हा सगळा पत्रव्यवहार, त्याच्या हातचें पान त्यांत शोधून सांपडावयाचें नाहीं. वादी, पंच आणि लेखक हे तिन्ही एकच, आणि प्रतिवादीची जबानी गैरहजर, असा हा महजर आहे. आणि अशा महजरावर विसंबून आम्ही शंभर वर्षें इतिहास लिहीत आलों.

गेल्या पन्नास वर्षांत ही जबानी कागदावर येऊं लागली आहे. भिल्ल, मावची, गोंड, महादेव कोळी या समाजांतील माणसें स्वतःच्या नांवानें कविता, कादंबऱ्या, भाषणें व इतिहास लिहूं लागलीं, आणि त्यांतील पुष्कळशा लेखनाचा रोख परकीय सत्तेवर व त्या सत्तेनें मागें ठेविलेल्या व्यवस्थेवर आहे. मराठींतील वाङ्मयविषयक मासिकांत या लेखनाची चर्चा झालेली आहे. त्या चर्चेंत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. कविता चांगली कीं वाईट हें रसिकांनीं ठरवावें. येथें प्रश्न निराळा आहे. हें लेखन इतिहाससाधन म्हणून आमच्या दप्तरांत कोणत्या रकान्यांत बसतें, आणि तें आतां जमविलें नाहीं तर पुढें हातीं लागेल काय, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

आमच्या सोनगीरच्या किल्ल्याखालून मुंबई-आग्रा रस्ता जातो. नरडाणा व शिरपूर मागें टाकून तो पळासनेरवरून सेंधव्याच्या घाटांत शिरतो. या घाटाची राखण करण्याच्या कामावर खाज्या नाईक हा भिल्ल नाईक इंग्रजांच्या चाकरींत कित्येक वर्षें होता. ताब्यांतील एका इसमाच्या मृत्यूबद्दल त्याला कैदेची शिक्षा झाली. मुदतीपूर्वीं तो सुटला. १८५७ सालीं त्याला पुन्हां कामावर घेतलें. आणि त्याच सालीं तो फिरला. इंदुराकडून मुंबईस याच रस्त्यानें चाललेला सुमारें ७ लाख रुपयांचा खजिना त्यानें घाटाजवळ लुटला. पुढें ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत अंबापाणी येथें लढाई झाली. पकडलेल्या भिल्लांपैकीं अनेकांना तेथल्या तेथें लष्करी न्यायसभा भरवून गोळ्या घातल्या, आणि पुष्कळ बायकांना कैद करून नेलें. खाज्या १८६० सालीं दग्यानें मारला गेला.

ही हकीकत इंग्रजी ग्रंथांतून घेतलेली आहे, आणि ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. दोष हकीकतींत नसून शब्दांत आहे. खाज्या रस्त्याची राखण करीत होता तोंवर तो भरंवशाचा नाईक, आणि फिरला त्या दिवसापासून तो दरोडेखोर. मधल्या काळांत त्याच्या मनांत काय होतें, घाटापलीकडच्या पाड्यांवर त्याच्याविषयीं काय बोललें जात होतें, हें विचारण्याचें त्या लेखकांना प्रयोजन नव्हतें. त्यांना नव्हतें तें नव्हतें, पण आम्हांलाहि नव्हतें. इंग्रजींतून मराठींत उतरतांना ते शब्द जसेच्या तसे उतरले: बंड, पुंडावा, लूट, बंदोबस्त. 'बंड' या एका शब्दांत ज्याच्याविरुद्ध बंड झालें त्याची सत्ता न्याय्य होती हें कबूल करून टाकलेलें असतें. मराठ्यांनीं मोगलांशीं केलें तें युद्ध आणि भिल्लांनीं इंग्रजांशीं केलें तें बंड, असा भेद आमच्याच पुस्तकांतून निमूटपणें चालत आला आहे. शालेय पुस्तकांतून तो आम्हीं मुलांकडून पाठहि करून घेतला.

कागदाचें आणि भिल्लांचें नातें कसें होतें याचा एक विलक्षण दाखला १८२५ सालचा आहे. बागलाणांत सेवराम नांवाच्या एका सोनारानें साताऱ्याच्या छत्रपतींच्या नांवाचीं बनावट पत्रें दाखवून सुमारें ८०० भिल्ल गोळा केले. त्यांनीं अंतापूर लुटलें आणि डोंगरी किल्ल्याचा आश्रय करून तेथें शिवाजीचें निशाण उभारलें. औट्रॅमनें थोड्याशा शिपायांनिशीं अचानक छापा घालून त्यांची पांगापांग केली. त्याच सालीं खानदेशांत भिल्लांचे एजंट नेमले गेले आणि धरणगांवीं औट्रॅमनें भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला, हें वाचकांस विदितच आहे. बनावट पत्रांची पारख करण्यांत आमच्यापैकीं कित्येकांचें आयुष्य गेलें आहे. शिक्का, मायना, मोर्तब, शाई, कागद हें सर्व आम्ही ताडून पाहतों. परंतु ज्या ८०० माणसांना तें पत्र वाचतां येत नव्हतें त्यांनीं कशाची पारख केली? पत्र बनावट होतें; पण मराठ्यांचें राज्य परत आलें तर आपल्या डोंगरांतील हक्क परत येतील ही त्यांची समजूत बनावट नव्हती. त्या समजुतीचा पुरावा त्या पत्रांत नाहीं आणि औट्रॅमच्या खलित्यांतहि नाहीं. तो असलाच तर गाण्यांत व घरोघरच्या सांगण्यांत असेल, आणि तोच आज कोणी लिहून काढीत असेल तर त्याकडे पाठ फिरवून कसें चालेल?

ती समजूत भाबडी होती असें मात्र म्हणावें लागतें. मराठ्यांच्या राज्याच्या अखेरच्या काळांत भिल्लांवर जे प्रसंग आले ते इंग्रजी अंमलांतील कोणत्याहि प्रसंगाहून कमी क्रूर नव्हते. बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराच्या कारकीर्दींत कोपरगांव येथें भिल्लांना विश्वास देऊन बोलाविलें, पकडलें आणि विहिरींत टाकलें, ही हकीकत गॅझेटियरांत नमूद आहे. मागच्या राज्याची निंदा करण्यांत गॅझेटियरकारांचा फायदा होता हें खरें, म्हणून ती कसोशीनें तपासली पाहिजे. पण ज्यांच्याजवळ तपासण्याचीं साधनें होतीं त्या आम्हीं ती कितपत तपासली? राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड काढिले. त्या प्रचंड उद्योगाचें ऋण न फिटणारें आहे. त्यांनीं १९२४ सालीं महिकावतीच्या बखरीला जी विस्तृत प्रस्तावना जोडली तींत उत्तर कोंकणांतील रानवट समाजांची दखल घेतलेली आहे, आणि त्या काळाच्या मानानें ती मोठीच गोष्ट होती. परंतु ती दखल बाहेरच्यानें घेतलेली. कातकरी किंवा वारली स्वतः कांहीं म्हणतो आहे असा प्रसंग त्या प्रस्तावनेंतहि येत नाहीं.

तो प्रसंग आमच्या खानदेशांत कसा आला तें पाहूं. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यांत मोरवड येथें गुला महाराज (कोणी गुलाम महाराज म्हणतात) यांच्या आरतीला हजारोंच्या संख्येनें भिल्ल जमूं लागले. दारू सोडावी, स्नान करावें, एकमेकांस 'आप' म्हणून मानानें हांक मारावी, एवढाच उपदेश. पण ज्या समाजाला सगळ्यांनीं अरेतुरे करावें असा रिवाज होता त्या समाजानें परस्परांस आदरार्थी बोलावूं लागणें ही साधी गोष्ट नव्हती. दारूचे मक्तेदार व जमीनदार अस्वस्थ झाले आणि सरकारचीहि नजर तिकडे वळली. त्याच सालीं महाराज निवर्तले. बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें आणि त्यांना हद्दपारीहि सोसावी लागली. पुढें स्वराज्य आलें, पण सालदारकी राहिली, गहाण गेलेल्या जमिनी सावकाराकडेच राहिल्या, आणि १९२७ चा इंग्रजी जंगल कायदा तसाच पुढें चालू राहिला. १९७१ सालीं शहाद्याजवळ पाटीलवाडीचा गोळीबार झाला. अंबरसिंग महाराजांनीं भिल्लांना एकत्र केलें. १९७२ सालीं श्रमिक संघटना निघाली. हा सर्व मुलूख तेव्हां धुळें जिल्ह्यांत होता. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत गेला.

या चळवळींत वावरणारे एक भिल्ल कार्यकर्ते म्हणजे श्री. वाहरू सोनवणे. मोर्चांत म्हणावयाचीं गाणीं त्यांनीं भिलोरींत रचलीं, मराठींत कविता लिहिल्या, आणि १९८७ सालीं 'गोधड' हा संग्रह प्रसिद्ध केला. गोधड म्हणजे चिंध्या जोडून शिवलेलें पांघरूण. नांव अन्वर्थक आहे, त्याची फोड करीत बसण्याचें कारण नाहीं. संग्रहांतील 'स्टेज' ही कविता सर्वांत प्रसिद्ध आहे आणि अनेक भाषांत गेली आहे. तिचा आशय असा कीं, व्यासपीठावर चढून आमच्या दुःखाचें वर्णन दुसरेच करीत राहिले, आम्हांला बोटानें जागा दाखविली आणि आम्ही खालीं बसून तें ऐकत राहिलों. हा रोख केवळ पुढाऱ्यांवर आहे असें समजून आम्ही सुटूं शकत नाहीं. खानदेशचा इतिहास हेंहि एक व्यासपीठ आहे आणि त्यावर आमच्यासारखेच लोक चढलेले आहेत.

१९९० सालीं पालघर येथें भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे सोनवणे अध्यक्ष होते. त्यांच्या त्या भाषणाकडे संशोधकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. लिहिलेलें तेवढेंच साहित्य ही व्याख्या ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं आपल्या सोयीनें केलेली आहे, आणि त्या व्याख्येनें आदिवासींना साहित्य नाहीं असें ठरतें, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आम्हां संस्कृतज्ञांना तर हा मुद्दा नवा वाटूं नये. ज्या वाङ्मयाला आम्ही सर्वश्रेष्ठ मानतों तें श्रुति होतें. शेंकडों वर्षें तें मुखानेंच चाललें आणि लिहिणाराला उलट दोष दिला गेला. आमची श्रुति ती वेद, आणि भिल्लाची श्रुति ती मात्र 'लोकगीत', हा न्याय कोठला? 'वनवासी' या नांवाविषयींहि आदिवासी लेखकांचा आक्षेप आहे आणि तो आम्हांस साधार वाटतो. वनवास पांडवांना घडला, रामाला घडला. ज्याचें घरच वनांत आहे तो वनवासी कसा?

विदर्भाकडे हेंच काम गोंड लेखकांनीं केलें. श्री. विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटलें आहे' हा संग्रह 'गोधड'च्याच सालीं, म्हणजे १९८७ मध्यें निघाला. भुजंग मेश्राम (१९५८–२००७) यांनीं १९९० सालीं आपल्या संग्रहाला 'उलगुलान' असें नांव दिलें; हा मुंडा भाषेंतील शब्द, बिरसा मुंडानें १८९९–१९०० सालीं इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावाचें नांव. बिरसा ९ जून १९०० रोजीं रांचीच्या तुरुंगांत वारला. त्याचा शब्द नव्वद वर्षांनीं वऱ्हाड-चांद्याकडच्या एका गोंड कवीनें उचलावा, ही घटना इतिहासकारानें टिपून ठेवण्यासारखी आहे. कारण चांद्यास २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं फांशी गेलेला बाबूराव शेडमाके, ठाण्यास २ मे १८४८ रोजीं फांशी गेलेला राघोजी भांगरे, आमचा खाज्या आणि रांचीचा बिरसा हे एकाच मालिकेंतले, ही दृष्टि आधीं या लेखकांना आली आणि मग आम्हांला. डॉ. गोविंद गारे (१९३९–२००६) हे स्वतः महादेव कोळी समाजाचे. त्यांनीं आदिवासींच्या उठावांची माहिती शासकीय व इतर साधनांतून जुळविली, आणि त्यांचें काम संशोधकी पद्धतीचें आहे. श्रीमती नजूबाई गावित या आमच्याच भागांतल्या, कॉ. शरद् पाटील यांच्याबरोबर सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षांत काम केलेल्या. त्यांच्या 'तृष्णा' या आत्मपर कादंबरींत आदिवासी मुलीच्या बालपणाचें व जमीनदाराच्या घरच्या राबणुकीचें जें तपशीलवार चित्र आहे तें कोणत्याहि जमाबंदीच्या कागदांत सांपडणार नाहीं. पश्चिम खानदेशाच्या शेतीच्या इतिहासासाठीं तिचा उपयोग न करणें म्हणजे हातचें साधन टाकून देणें होय.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. १९९० सालची कविता ही १८५८ च्या लढाईची साक्ष नव्हे. ती १९९० सालीं त्या लढाईविषयीं काय स्मरण होतें याची साक्ष आहे, आणि तेवढ्यापुरती ती अस्सल आहे. हा भेद सोडला तर बखर आणि रोजकीर्द यांतील भेदहि सोडावा लागेल. कांहीं तरुण लेखक खाज्या नाईकाचें चित्र काढतांना त्याची इंग्रजी चाकरी गाळतात. तसें करण्याची गरज नाहीं. वर्षानुवर्षें ज्या रस्त्याची राखण केली त्याच रस्त्यावर एके दिवशीं उलटून उभें राहणारा मनुष्य हा जन्मापासून निष्कलंक असलेल्या वीरापेक्षां अधिक विचार करावयास लावतो. चाकरी दडविल्यानें त्याचा मोठेपणा वाढत नाहीं, आणि इंग्रजांनीं भिल्लांकरवींच भिल्लांचा बंदोबस्त कसा करविला ही खानदेशच्या इतिहासांतील मुख्य गोष्ट मात्र झांकली जाते.

आतां भाषेकडे वळूं. कारण दप्तर लावणाराला पहिली अडचण तेथेंच येते. भिल्लांच्या बोली मोठ्या प्रमाणावर छापून निघाल्या त्या ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडांत. भिल्ल भाषांचा तो भाग स्टेन कोनौ यानें सिद्ध केला व तो १९०७ सालीं बाहेर पडला. त्यांत नमुन्यादाखल घेतलेला मजकूर कोणता? सर्व भाषांना लावलेला एकच: बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट. व्याकरणाच्या तुलनेसाठीं ती युक्ति चांगली होती, यांत शंका नाहीं, आणि त्या खंडांचा उपयोग आम्ही रोज करतों. तथापि घर सोडून गेलेला मुलगा पश्चात्तापानें बापाकडे परत येतो ही कथा भिल्लांच्या तोंडीं घालून त्यांची भाषा कागदावर आणली गेली, हें आज वाचतांना चमत्कारिक वाटतें.

आमच्या वाङ्मयांत याहून जुनी एक गोष्ट आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागराच्या आरंभीं गुणाढ्याची कथा सांगितली आहे. विंध्याच्या रानांत त्यानें पैशाची भाषा शिकून सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली, आणि शाई नसल्यामुळें आपल्या रक्तानें लिहिली. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजानें ती भाषा नीच म्हणून ग्रंथ परतविला. तेव्हां गुणाढ्य अग्निकुंडापाशीं बसून एकेक पान वाची आणि जाळी. ऐकणारे होते वनांतले पशु. राजाला पश्चात्ताप झाला त्या वेळीं सातांतील एक लक्ष उरलें होतें. ही कथा आम्ही विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगतों. परंतु पोथ्या जमविणारानें ती आपल्या धंद्याची कथा म्हणून वाचावी: ग्रंथ परतविण्याचें कारण त्यांतील मजकूर नव्हता, भाषा होती.

हा प्रकार आमच्याच देशांत आहे असें नाहीं. केनियांतील गिकुयु लेखक न्गुगी वा थिओंगो यांना १९७७ च्या शेवटच्या दिवशीं पकडून वर्षभर कामिटीच्या तुरुंगांत ठेविलें. तोंवर ते इंग्रजींत लिहिणारे म्हणून जगप्रसिद्ध होते. तुरुंगांत त्यांनीं आपल्या मातृभाषेंत कादंबरी लिहिली, ती शौचालयांतील कागदाच्या गुंडाळीवर. कारण दुसरा कागद नव्हता. ती १९८० सालीं छापली गेली, आणि १९८६ सालीं ग्रंथ लिहून त्यांनीं इंग्रजी लेखनाला रामराम ठोकला. २०२५ सालीं ते वारले. तसल्या कागदावरचें हस्तलिखित आमच्या एखाद्या संग्राहकापुढें आलें असतें तर त्यानें तें हस्तलिखित मानलें असतें काय, हा प्रश्न मनांत येतो.

परंतु आमच्या विषयाला सर्वांत जवळचें उदाहरण न्यूझीलंडचें आहे. सर जॉर्ज ग्रे हा तेथें १८४५ पासून १८५३ पर्यंत गव्हर्नर होता. माओरी सरदार आपल्या पत्रांत व भाषणांत जुन्या कवनांचे दाखले देत आणि तीं कळल्याशिवाय राज्य चालविणें कठीण, असें पाहून त्यानें कथा-कवनांचा संग्रह आरंभिला. या कामीं त्याचा मुख्य आधार विरेमू माइही ते रांगिकाहेके हा माओरी गृहस्थ. त्यानें स्वहस्तानें सुमारें ८०० पृष्ठें मजकूर लिहून दिला. ग्रेनें १८५४ सालीं तो माओरींत आणि १८५५ सालीं इंग्रजींत छापला. पुस्तकावर नांव ग्रेचें, आणि ते रांगिकाहेके याचा नामनिर्देशहि नाहीं. 'पूर्वजांच्या परंपरागत कथा' एवढेंच. मूळ हस्तलिखितें ग्रेच्या संग्रहांत टिकलीं म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अभ्यासकांनीं त्यांवरून कोणता मजकूर कोणाचा हें दाखवून दिलें. हस्तलिखितें गेलीं असतीं तर लेखकहि गेला असता.

आम्ही खानदेशांत यापेक्षां वेगळें काय केलें? भिल्लांचीं होळीचीं व लग्नाचीं गाणीं छापलेलीं पुष्कळ आहेत. वर नांव असतें तें संग्राहकाचें, बहुधा शिक्षकाचें किंवा प्राध्यापकाचें. गाणाराच्या जागीं 'पारंपरिक' हा शब्द. कांहीं गाणीं खरोखरच परंपरेनें आलेलीं असतात, त्यांविषयीं तक्रार नाहीं. परंतु पाड्यावर चौकशी केली तर अमुक गाणें अमक्यानें अमुक दुष्काळांत किंवा अमुक तुरुंगवासानंतर जोडलें असें सांगणारे भेटतात. चौकशी करण्याचीच पद्धत नाहीं. सोनगीर हें तांबट-कासारांचें गांव. घरोघरचीं जुनीं पितळी भांडीं येथें मोडीस येतात, आणि त्यांतील बहुतेकांवर कोणाचें तरी नांव घातलेलें असतें. भट्टींत पितळ जात नाहीं, नांव तेवढें जातें. 'लोकसाहित्य' या सदराची भट्टी अशीच आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आदिवासी लेखकांचे व गायकांचे कागद संशोधन मंडळांनीं आतांच जमवावे. धुळ्यास राजवाड्यांच्या नांवाचें मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरांत पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. जागेची किंवा जाणत्यांची वाण नाहीं. वाण आहे ती या कागदांना कागद समजण्याची. आमच्या पाहण्यांत ज्या वह्या आल्या त्या साध्या शाळकरी वह्या आहेत: आरंभीं आरती, मग गाणीं, मध्येंच सालदारकीचा हिशेब, शेवटीं मोर्चाच्या घोषणा. असा मिश्र मजकूर पाहून कोणी नाक मुरडूं नये. समर्थ संप्रदायाच्या बाडांतहि अभंगांशेजारीं औषधांच्या कृति व उधारी लिहिलेली असते आणि तीं बाडें आम्ही रेशमी रुमालांत बांधून ठेवितों. १९७२ नंतरच्या चळवळींतील पत्रकें तर याहून नाजूक. तीं स्टेन्सिलवर काढलेलीं, हलक्या कागदावर. टांचणी गंजून कोपरे गळले आहेत आणि शाई विरली आहे. दौलताबादी कागदावरची तीनशें वर्षांची सनद अद्याप खुळखुळीत आहे, पण त्या पत्रकांना आणखी तीस वर्षें मिळतील असें वाटत नाहीं. ध्वनिफितींची स्थिति त्याहून वाईट. फीत चिकटते, लेप सुटतो, आणि आवाज एकदां गेला म्हणजे त्याची नक्कल कोणत्याहि मठांत सांपडावयाची नाहीं.

मूळ वही मालकाकडेच राहूं द्यावी. मंडळानें छायाप्रत ठेवावी आणि एक प्रत त्या पाड्यावर परत द्यावी. जुनीं दप्तरें घराघरांतून आणतांना 'पाहून परत करतों' असें सांगून न केल्याचीं उदाहरणें आमच्या वर्गांत थोडीं नाहींत, आणि त्यामुळें कित्येक घरांचे दरवाजे कायमचे बंद झाले.

राहतां राहिली नकलेची पद्धत. देहवाली, पावरी, मावची, भिलोरी या बोली देवनागरींत लिहितांना लिहिणारा स्वतः एक रीत पाळतो. सातपुड्याच्या गुजरातेंतील अंगास हीच देहवाली गुजराती लिपींत लिहिली जाते, आणि तेथेंहि रीत एक नाहीं. स्वर कोठें लांबवावा, कोणता वर्ण निमा उच्चारावा, हें त्याच्या कानाला ठाऊक असतें, आमच्या नसतें. नक्कल करणारा मराठी शाळेंत शिकलेला असला कीं 'अशुद्ध' शब्द 'शुद्ध' करण्याकडे त्याचा हात आपोआप जातो. आम्ही जन्मभर तेंच काम केलें, म्हणून हें सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे. ऐतिहासिक पत्रें छापतांना मुळांतील लेखन तसेंच ठेवावें हा नियम आमच्याकडे कधींच ठरलेला आहे. तोच येथें लावावा. आणि यादी करतांना पहिला रकाना कर्त्याच्या नांवाचा ठेवावा, दुसरा पाड्याचा, तिसरा बोलीचा. लिहून घेणाराचें नांव शेवटच्या रकान्यांत, बारीक अक्षरांत, घातलें तरी चालेल.